दुपारनंतरची साखर

मम्मींनी नेम धरला तेव्हा त्यांना स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. तोंडात फोड, घशात फोड, पाठ तर उकळतं पाणी सांडल्यासारखी. चादर अंगाला चिकटायची. ती मी कोमट पाण्यानं भिजवत भिजवत बोटभर बोटभर सोडवायचे, आणि मम्मी डोळे मिटून नवकार म्हणत पडलेल्या असायच्या. बोलता येत नव्हतं म्हणून माझ्या लेकीच्या, मोक्षाच्या, पाटीवर त्यांनी एक दिवस खडूनं लिहिलं, ‘फुलका चावून खाता आला, तर येता चौमासा एकासनं.’

चौमासा म्हणजे चातुर्मास, आणि एकासनं म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. उठलं की संपलं. बाकी दिवसभर फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. त्यानंतर थेंब नाही.

मम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, सुमतीबाई. मंचरच्या पेठेत माझ्या सासऱ्यांचं, उत्तमचंदांचं, किराण्याचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. माझा नवरा पारस दिवसभर टेम्पो घेऊन घोडेगाव, डिंभे, नारायणगाव असा माल पोचवत फिरतो. त्यामुळे मम्मींचं आजारपण माझ्या वाट्याला आलं, आणि आता विचाराल तर मला ते कुणाला द्यायचंही नव्हतं. माझं बाळंतपण त्यांनी केलं होतं. सव्वा महिना मला अंथरुणाबाहेर पाय ठेवू दिला नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा तपासून आजाराचं नाव सांगितलं, पेम्फिगस. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं म्हणाले. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत फोड सुकत गेले. मम्मींनी पहिला फुलका वरणात न बुडवता चावून खाल्ला त्या दिवशी पप्पा, म्हणजे माझे सासरे, दुकान सोडून वर आले आणि नुसते बघत उभे राहिले.

“या गोळ्यांनी साखर वाढू शकते, लक्ष ठेवा,” एवढं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी साखर मोजायचं मशीन आणलं. आषाढात चौमासा लागला, एकासनं सुरू झालं, तरी माझा नेम चुकला नाही. रोज सकाळी, तोंडात पाणीही जायच्या आधी, मम्मींचं बोट टोचायचं आणि आकडा मोबाइलमध्ये लिहायचा. अठ्ठ्याण्णव. एकशे चार. एकशे एक.

तो आकडा पप्पा खाली घेऊन जायचे. गिऱ्हाईक विचारायचं, “उत्तमशेठ, आज किती?”

“एकशे दोन! एवढी जहाल गोळी चालू आहे, पण तपाची ताकद बघा, राव. उपासानं साखर जागची हलू दिली नाही.”

अर्ध्या मंचरला आमच्या मम्मींची साखर पाठ होती.

भाद्रपद अर्धा सरला तोवर मम्मींचे ब्लाउज दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्याइतके सैल झाले. मला वाटलं, तप आहे, माणूस सुकणारच. संध्याकाळी त्यांना स्तवनाची अक्षरं दिसेनात. पारस म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला असेल, चौमासा झाला की बघू. आणि पाणी. सकाळी मी पातेलंभर पाणी उकळून कळशीत गार करायला ठेवायचे, ते पूर्वी दुसऱ्या दिवसापर्यंत उरायचं. आता दुपारी दुसरं पातेलं चढायचं आणि तेही पुरायचं नाही. सूर्य कलायला लागला की मम्मी गॅलरीत कळशी जवळ घेऊन बसायच्या आणि एकामागून एक ग्लास प्यायच्या, एसटी सुटायच्या आधी माणूस घाईनं चहा पितो तशा. मग सूर्य गेला की ग्लास उपडा. पहाटे त्या उठायच्या तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असायची. “दादी बोलते तर टक टक वाजतं,” असं मोक्षा म्हणायची आणि त्यांची नक्कल करून हसायची. मम्मीही हसायच्या.

हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. पण सकाळी आकडा बरोबर यायचा, म्हणून मी निर्धास्त होते.

आमच्याकडे भांड्यांना साळुबाई येते, महाळुंगे पडवळहून, दोन वेळा. त्या बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास तिनं मला मोरीतून हाक मारली.

“वैनी, जरा हितं या. ह्या मुंग्यांचं काय करू?”

मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची दाट काळी रांग होती. मम्मींनी आतल्या खोलीतूनच सांगितलं, “साळू, पाणी ओतू नकोस गं त्यांच्यावर. जीव आहेत. ती मऊ पुंजणी घे आणि अलगद झाडून बाजूला कर. मी गॅलरीत पीठसाखर ठेवलीय, जातील तिकडं आपोआप.”

आमच्याकडे हे नवीन नव्हतं. मुंग्या दिसल्या की मम्मी आटा आणि साखर कालवून चिमूट चिमूट ठेवतात. त्यांच्या सासूबाई राजस्थानात बोरीच्या झाडाखाली वारुळावर घालायच्या, या गॅलरीत घालतात. गेले पंधरा दिवस रोज मुंग्या येत होत्या आणि मम्मी खूश होत्या, की तपात जीवदयाही आपसूक घडतेय.

“बाई, तुमच्या घरच्या मुंग्याबी नशीबवान,” साळुबाई म्हणाली. मग ती रांगेच्या कडेकडेनं गॅलरीपर्यंत गेली आणि परत आली. तिचा आवाज खाली आला. “वैनी, एक सांगू का? त्या पिठाला एकबी मुंगी लागंना. सरळ पिठाच्या अंगावरून जात्यात आन् मोरीत येत्यात.”

“मग?”

“मग काय मग! आमच्या थोरल्या दिराला असंच व्हतं. बाई आत्ताच हितं जाऊन आल्या ना लघवीला? साखरेपायी दिराचा पाय कापला तवा डॉक्टर म्हनला, मुंग्या लागल्या तवाच का आला न्हाई.”

“अगं पण साखर मी रोज मोजते. आज सकाळीच एकशे पाच होती.”

“सकाळी मुंग्या असत्यात का?”

सकाळी मोरी मीच धुते. सकाळी एकही मुंगी नसते. त्या येतात दुपारी, मम्मींचं जेवण झाल्यावर, आणि दिवेलागणीला सगळ्यात जास्त असतात.

मी मशीन घेऊन मम्मींसमोर बसले.

“सकाळी टोचलंस ना?” त्या म्हणाल्या.

“सकाळी टोचलं. आता परत टोचायचंय.”

“भरल्या पोटी कधी बघतात का गं साखर? जेवलं की सगळ्यांचीच वाढते.”

“वाढू दे. किती वाढते तेवढं बघू द्या.”

चारशे अठरा.

बोटाला आटासाखर लागली असेल म्हणून मी त्यांचा हात साबणानं धुतला, पुसला, दुसरं बोट टोचलं. चारशे सव्वीस.

पप्पा वर आले. “मशीन बिघडलंय,” ते ठामपणे म्हणाले आणि स्वतःचं बोट पुढं केलं. त्यांची आली एकशे अठरा. त्यांनी मशीन उलटं करून बघितलं, जसं काही मागच्या बाजूला वेगळा आकडा असेल. मग खुर्चीवर बसले. बसल्या बसल्याच म्हणाले, “त्या गोळीनंच केलंय हे. गोळी बंद करा. आजपासून.”

“हो,” मम्मी लगेच म्हणाल्या. “गोळी बंद करू. फोड तर गेलेच आहेत. दीड महिना काय तो राहिलाय चौमाशाचा, नेम तडीला जाऊ दे.”

चारशेचा आकडा बघून मी घाबरले नव्हते तेवढी हे ऐकून घाबरले. दोघांचंही किती पटकन एकमत झालं! मला ती चादर आठवली. मी मोक्षाला साळुबाईच्या कडेवर दिलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

“मम्मी, चप्पल घाला.”

“कुठं?”

“आधी डॉक्टरकडं. गोळीचं तिथं ठरेल.”

“सून झालीस की सासू?” पप्पा म्हणाले.

“आज दोन्ही. तुम्ही मागून चालत या, पप्पा.”

पेठेच्या टोकाला डॉक्टर हर्षालींचा दवाखाना आहे. मूळ पिंपरी पेंढारच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी मम्मींची लघवी तपासली, रक्तदाब बघितला, जिभेवर बोट टेकवून बघितलं. मग माझ्या मोबाइलमधले आकडे वरपासून खालपर्यंत वाचले.

“रोज मोजलंत, एकही दिवस चुकला नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त वेळ चुकली. गोळी कधी घेतात?”

“दुपारी साडेबाराला, जेवल्यावर. पुण्याच्या डॉक्टरांनी सकाळची सांगितली होती, पण एकासनं सुरू झालं म्हणून...”

“त्यांना विचारलंत?”

मी मान हलवली. नाही.

“हे बघा, या गोळीचा जोर घेतल्यापासून सात-आठ तास. त्यात दिवसभराचं जेवण एकाच वेळी. साखर दुपारपासून चढते ती संध्याकाळी शिगेला. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटात काही नाही, गोळीचा जोरही ओसरलेला. सकाळपर्यंत साखर उतरून जागेवर. तुम्ही मोजायला बसता तेव्हा चोर घर धुऊन नेऊन कधीच पसार झालेला असतो.”

“म्हणजे मला डायबेटीस झाला?” मम्मींनी विचारलं. “आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही.”

“पिढ्यांमधून नाही आला, आजी. एका आजाराच्या औषधामागून आलाय. पुढं गोळी कमी होईल तसा कदाचित जाईल. कदाचित नाहीही जाणार. ते आज मी खोटं सांगणार नाही.”

“मग गोळीच बंद केली तर?” दारात पोचलेले पप्पा म्हणाले.

डॉक्टर हर्षाली त्यांच्याकडे वळल्या. “शेठ, इतके महिने गोळी चालू आहे, एकदम बंद केली तर उभं माणूस खाली कोसळतं. आणि फोड परत येतील ते वेगळंच. गोळी बंद करणं तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. पुण्याच्या डॉक्टरांशी मी आत्ता बोलते.”

त्या बोलल्या. मग कागदावर लिहून दिलं. गोळी परत सकाळी, पहिल्या जेवणाबरोबर. त्याच वेळी इन्सुलिनची सुई. दुसरं जेवण संध्याकाळी पाचला. साखर चार वाजता मोजायची. रात्रीतून तहान लागेल तेव्हा पाणी.

“सुई घेतली की दोन वेळा खावंच लागेल. आणि रात्री कधी घाम फुटला, हातपाय कापले, तर साखर उतरली असं समजून साखरपाणी लगेच तोंडात. घड्याळ बघायचं नाही, सूर्य बघायचा नाही. अंगातलं पाणी फार कमी झालंय. आज रात्री पाणी प्यायचं कबूल असेल तर घरी सोडते. नसेल तर इथं दाखल करते.”

मम्मींनी पदर नीट केला. “चाळीस वर्षांत सूर्य मावळल्यावर थेंब घेतला नाही मी. पोटात दोन बाळं असतानासुद्धा.” आणि उठून उभ्या राहिल्या. विषय संपला, अशा.

बाहेर येऊन त्या स्कूटरवर मागं बसल्या. सहा वाजायला आले होते. मी घराकडे न वळता जैन स्थानकाच्या गल्लीत वळले.

“इकडं कुठं? थांबव. जागृती, थांबव म्हणते ना!”

मी स्थानकाच्या पायरीशीच थांबवली. यंदा तिथं साध्वीजींचा चातुर्मासाचा मुक्काम होता. रोज सकाळी मम्मी त्यांच्याकडूनच एकासन्याचं पच्चक्खाण, म्हणजे त्या दिवसाचा नेम, घ्यायच्या.

“कुठल्या तोंडानं आत जाऊ?” मम्मी म्हणाल्या. “नेम मोडून द्या म्हणून?”

“तुम्ही काही बोलू नका. मी बोलते.”

“तू काय बोलणार? तुला चार दिवस उपास झेपत नाही.”

“नाहीच झेपत,” मी म्हणाले. “पण आजच्या उशिरात माझा वाटा आहे. मी चुकीच्या वेळी मोजत बसले. तुम्ही तहानेनं तळमळत होता आणि मी आकडे लिहीत होते. आता तुम्ही घरी जाऊन रात्रभर तशाच पडणार आणि मी शेजारच्या खोलीत झोपणार, हे माझ्यानं होणार नाही. मम्मी, मी तुम्हाला इथून उचलून दवाखान्यात नेईन. तुमचं वजन आता तेवढंच राहिलंय.”

त्या माझा दंड धरून पायऱ्या चढल्या.

साध्वीजींमधल्या थोरल्या, मोठ्या महाराजसाहेब, खिडकीशी वाचत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, मुंग्यांपासून. त्यांनी मधे तोडलं नाही. मग मम्मींना विचारलं, “सुमतीबाई, नेम काय बोलला होतात?”

“फुलका चावून खाता आला, तर चौमासा एकासनं.”

“गोळी सोडलीत तर फुलका राहील?”

मम्मींनी नकाराची मान हलवली.

“पच्चक्खाण घेताना शेवटी आगार बोलतो आपण. सूट. आजारात मन शांत राहावं म्हणून औषध घ्यायची सूट. ती कुणासाठी ठेवलीय?”

“अडलेल्यांसाठी,” मम्मी हळूच म्हणाल्या. “कमकुवत असतील त्यांच्यासाठी.”

“असं? मग मीही कमकुवत. संगमनेरहून येताना मला ताप आला, आयंबिलची ओळी मधेच सोडली मी.” आयंबिलची ओळी म्हणजे नऊ दिवस एकवेळचं आळणी, कोरडं जेवण. साध्वीजी हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “तप देह झिजवायला आहे, फसवायला नाही. देह आजारी आहे हे माहीत नव्हतं तोवर तुमचं तप शुद्ध होतं. आज माहीत झालं. आता पुढं काय, ते मी सांगणार नाही. मागायचं तुम्हाला.”

बाहेर उजेड पिवळा होत चालला होता. मम्मी मांडी घालून बसल्या होत्या, हात जोडलेले, आणि सांध्यांवरची कातडी इतकी पातळ, की खालची शीर दिसत होती. त्या रडल्या. मी पुढं झाले नाही. कधी कधी माणसाला हात लावू नये.

“उद्यापासून बियासनं द्या,” शेवटी त्या म्हणाल्या. बियासनं म्हणजे दोन बैठका, दोन जेवणं. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. “आणि रात्रीचं... रात्रीचं तिविहार द्या.”

तिविहारात रात्री अन्न सोडलेलं असतं, पाणी नाही. चाळीस वर्षांत त्यांनी हा शब्द दुसऱ्या कुणासाठी सुद्धा नाक मुरडूनच उच्चारला होता.

“साखर उतरली तर साखरपाणी, औषध समजून, आगारात,” साध्वीजींनी पुढं जोडलं. “ते मागायला रात्री कुणाकडं यायचं नाही.”

साडेसातला अंधार पडल्यावर मी ग्लास त्यांच्या हातात दिला. पप्पा उगीचच खाली कुलूप बघायला गेले. मम्मींनी ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि किती तरी वेळ प्यायल्याच नाहीत. मला वाटलं, आता परत ठेवतात. मग एका दमात रिकामा केला आणि म्हणाल्या, “अजून.” त्या रात्री त्या पाच वेळा उठल्या आणि पाचही वेळा पाणी प्यायल्या. मला झोप लागली होती की नाही कुणास ठाऊक, पण ग्लास ठेवल्याचा आवाज मी पाचही वेळा ऐकला.

सकाळी आठ वाजता पाटावर ताट मांडलं. फुलके, घट्ट वरण. शेजारी गोळी, आणि इन्सुलिनचं पेन. डॉक्टर हर्षालींनी मला दाखवून दिलं होतं, पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, बटण दाबून दहापर्यंत मोजायचं. दवाखान्यात सोपं वाटलं होतं. आता पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. माझ्याच लेकीला लस टोचतात तेव्हा मी तोंड फिरवते.

“दे इकडं,” मम्मी म्हणाल्या.

“मी देते ना, मम्मी. आज पहिलाच दिवस आहे.”

“रोज तूच देणार? माहेरी जाशील तेव्हा? पारसला तर रक्त बघून चक्कर येते. दे. किती लावायचे?”

“बारा.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला, पेन डोळ्यांजवळ धरलं. “मला दिसत नाही नीट. तू आकडा बघ, मी फिरवते. आला बारा?”

“आला.”

“पप्पांना म्हणावं बाहेर थांबा.”

पप्पा बाहेरच होते. मोक्षा मात्र आत येऊन अगदी समोर बसली होती. मम्मींनी पोटाची कातडी चिमटीत धरली. तिथंही आता धरायला फारसं काही नव्हतं. सुई टेकवली. एकदा मागं घेतली. “छे,” स्वतःलाच म्हणाल्या. मग घातली.

“मोज,” मला म्हणाल्या. “मोठ्यानं. घाई करू नकोस.”

मी मोजायला लागले. मोक्षाही माझ्यामागून मोजायला लागली, पाचनंतर सात आणि सातनंतर परत पाच. तिच्या गणितानं गेलो असतो तर दहा आलेच नसते. मी दहा म्हटल्यावर मम्मींनी सुई बाहेर काढली, तिथं बोट दाबून धरलं आणि ताट पुढं ओढलं.

“दुखलं?” मी विचारलं.

“मुंगी चावल्यासारखं.” त्यांनी फुलक्याचा तुकडा मोडला, वरणात न बुडवता तोंडात घातला आणि सावकाश चावला. चावता चावताच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “संध्याकाळी पाचला जेवायचं म्हणजे मूग आत्ताच भिजत घालायला हवेत. जा, ऊठ. मला काय बघत बसलीस?”